घोट्याचे रिव्हॉल्वर आणि व्यापाऱ्याचा हिशेब

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या पानावर आपण सुताचे भाव, ग्राहकाची उधारी, बँकेचे व्याज आणि कराचे नियम यांवर बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण गल्ल्याशी त्याचा सरळ संबंध आहे. ज्याच्याजवळ संध्याकाळी रोकड असते, त्याच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला हा प्रश्न आहे. आपल्या रक्षणासाठी एखादे लहान रिव्हॉल्वर घ्यावे काय? आणि घेतले तर ते कोणाच्या नजरेस न पडता, पायाच्या घोट्याला बांधून बाळगता येईल काय?

हा प्रश्न माझ्या घरात 2019 च्या पावसाळ्यात आला. बेलपाड्यात माझे कापडाचे छोटे दुकान आहे. भाचा वसुलीचे काम पाहतो. पनवेल बाजारातल्या किरकोळ दुकानदारांकडून हप्ते गोळा करून तो रात्री स्कूटरवरून परत येत होता. मोटारसायकलवरच्या दोघांनी मागून येऊन खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा कापला आणि पिशवी ओढून नेली. 85 हजार रुपये गेले. मुलगा पडला, कोपर फुटले, पण जीव वाचला. तक्रार नोंदवली. पैसे मिळाले नाहीत.

चार दिवसांनी तो गादीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मामू, परवाना काढू या. घोट्याला बांधायचे छोटे रिव्हॉल्वर येते. वर पँट असते, कोणाला कळत नाही. पुन्हा कोणी आले तर बघून घेऊ."

मी लगेच नाही म्हटले नाही. जवान मुलाला नुसते नाही म्हटले तर तो भलत्या रस्त्याने जातो. मी म्हणालो, "माल घेण्याआधी आपण काय करतो? पोत बघतो, पन्हा मोजतो, रंग उतरतो का ते बघतो. हेही तसेच तपासू." पुढे काही महिने मी कायदा वाचला, जाणकारांना विचारले आणि एक प्रयोगही केला. त्या तपासणीचा हिशेब आज वाचकांपुढे मांडतो.

आधी कायदा

आपल्या देशात बंदूक बाळगणे हा हक्क नाही. ती सरकारने दिलेली परवानगी आहे. शस्त्र कायदा 1959 चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा असतो. त्याबरोबर ओळख आणि पत्त्याचे पुरावे, प्रकृती व मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र, अशी कागदपत्रे लागतात. बेलपाडा आणि खारघरचा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, म्हणून आपल्याकडे परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त आहेत. ज्या भागात आयुक्तालय नाही तेथे जिल्हाधिकारी हे काम पाहतात. अर्जावर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. परवाना नाकारला तर कारण लेखी कळवण्याची तरतूद आहे आणि त्यावर अपीलही करता येते.

अर्जदाराला गरज दाखवावी लागते. जिवाला धोका आहे, किंवा धंद्याच्या स्वरूपामुळे जीव व मालमत्तेच्या रक्षणाची खरी आवश्यकता आहे, हे पटवून द्यावे लागते. "माझ्याकडे पैसे असतात" एवढे वाक्य पुरत नाही. पूर्वी दिलेली तक्रार, रोकड नेण्याचे काम आणि आयकराची विवरणपत्रे यांतून गरज दिसावी लागते. ज्याचा धंदा अर्धा कागदावर आणि अर्धा खिशात असतो, त्याची पंचाईत येथेच सुरू होते.

2019 च्या डिसेंबरात या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रे ठेवता येत होती, ती आता दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. विनापरवाना बंदुकीची शिक्षा वाढून किमान दोन ते कमाल पाच वर्षे आणि दंड अशी झाली, आणि मनाई असलेले शस्त्र सापडले तर सात ते चौदा वर्षे. लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोणी कानात सांगते की कट्टा स्वस्तात मिळतो, परवान्याच्या भानगडीत कशाला पडता. त्याला मुंबईचे एक उदाहरण सांगावे. 1993 च्या खटल्यात अभिनेते संजय दत्त यांनी कुटुंबाच्या रक्षणासाठी हत्यार ठेवल्याचे सांगितले होते. ते कारण त्यांना वाचवू शकले नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्याखालचा त्यांचा दोष कायम ठेवला, शिक्षा सहावरून पाच वर्षांवर आणली आणि 2016 च्या फेब्रुवारीत ती भोगून ते बाहेर आले. एवढ्या नामांकित माणसाची जेथे सुटका झाली नाही, तेथे तुमच्या-आमच्यासारख्या दुकानदाराचे काय होईल? विनापरवाना हत्यार म्हणजे चोराच्या आधी आपणच आपले घर लुटणे होय.

झाकून बाळगणे कायद्यात बसते काय

बसते. किंबहुना कायद्याला तेच हवे आहे. 2016 च्या नियमांतील 32 वा नियम सांगतो की सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचे तर ते अंगाला बांधलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या पाकिटात, म्हणजे होल्स्टरमध्ये, किंवा तशाच पिशवीत असावे. ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. कमरेला लटकावून रुबाब दाखवत बाजारातून फिरणे नियमात बसत नाही.

म्हणजे घोट्याच्या पाकिटाला नियमाची पहिली अट अडवत नाही. दुसरी अट मात्र नीट वाचावी. झाकलेले असणे पुरत नाही, ताबा असावा लागतो. जे हत्यार वेळेवर हाताला लागत नाही, किंवा जे चपलेबरोबर दाराबाहेर राहते, त्यावर ताबा कसला?

आणखी एक गोष्ट. परवाना ज्याच्या नावाचा, हत्यार त्याच्याच अंगावर. मालकाचे रिव्हॉल्वर आज भाच्याने बांधले, उद्या मुनिमाने नेले, असे चालत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते आणि पोलिसांनी त्या अंगरक्षकाला अटक केली. कागद खरा होता, हत्यार खरे होते, पण ते भलत्या हाती गेले.

बाजारात काय मिळते

आता मालाकडे येऊ. 9 मिलीमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते मनाई असलेल्या बोअरमध्ये मोडते. परदेशी हत्यारांची खाजगी आयात 1980 च्या दशकातच बंद झाली. जुनी विलायती हत्यारे परवानाधारकांमध्ये हात बदलतात, पण त्यांचे भाव जमिनीसारखे चढलेले असतात. साध्या माणसापुढे राहतो तो मुख्यतः .32 आणि .22 बोअरचा देशी माल.

पहिला नमुना म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 चे रिव्हॉल्वर. जुन्या विलायती वेबली धर्तीवर बनलेले, वरची कळ दाबली की मधोमध मोडून उघडणारे, सहा गोळ्यांचे. वजन साधारण 700 ग्रॅम. मजबूत आहे, फारशी कुरकूर करत नाही. पण चक्री जाड आहे आणि मागचा घोडा बाहेर आलेला असतो. पँटच्या आतून काढताना तो कापडात अडकतो.

दुसरे 'निर्भीक'. 2014 च्या जानेवारीत हे बाजारात आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, .32 बोअरचे, सहा गोळ्यांचे, वजन सुमारे 500 ग्रॅम. स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे असा हेतू होता. तेव्हा किंमत होती 1 लाख 22 हजार 360 रुपये. माझ्या भाच्याची गेलेली पिशवी 85 हजारांची होती. बंधूंनो, हा एक आकडा हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा.

तिसरे 'निडर', .22 बोअरचे, आठ गोळ्यांचे, वजन अवघे 250 ग्रॅम. घोट्याला हेच सर्वात हलके. पण .22 ची गोळी लहान. तिच्या काडतुसाचा पेटणारा मसाला कडेच्या गोटात असतो आणि अशी काडतुसे न फुटता राहण्याचे प्रमाण मोठ्या काडतुसांपेक्षा जास्त असते. रिव्हॉल्वरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी येते, एवढीच सोय.

चौथे 'अशनी' हे .32 चे पिस्तूल. याला चक्री नाही, गोळ्या मुठीत बसतात, त्यामुळे ते चपटे असते आणि कपड्याखाली कमी फुगते. पण सावध माणूस नळीत गोळी ठेवून फिरत नाही. मग वेळेला वरचा भाग मागे खेचून गोळी चढवावी लागते आणि त्याला दोन्ही हात लागतात. एका हाताने पँट वर धरायची, दुसऱ्याने पिस्तूल काढायचे, मग खेचायला तिसरा हात कोठून आणायचा?

'प्रबल' नावाचे रिव्हॉल्वर 2023 च्या ऑगस्टमध्ये कानपूरहून आले. त्याची चक्री बाजूला उघडते, त्यामुळे गोळ्या भरणे सोपे. पण वजन काडतुसांशिवाय साधारण 700 ग्रॅम. ते लांब पल्ल्यासाठी केलेले आहे. घोट्याला बांधले तर गुडघ्याशी बोलू लागेल.

घोट्यासाठी हत्यार निवडायचे तर परीक्षा सोपी आहे. ते हलके असावे, नळी तोकडी असावी, घोडा झाकलेला किंवा गुळगुळीत असावा, चाप जड असावा म्हणजे धक्क्याने सुटणार नाही, आणि पाकिटाने चाप पूर्ण झाकलेला असावा. अमेरिकेत अशा पाच गोळ्यांच्या बुटक्या रिव्हॉल्वरची जात 1950 पासून चालत आली आहे. आपल्याकडच्या मालात हे सगळे गुण एकत्र सापडत नाहीत. 'निर्भीक' त्यातल्या त्यात जवळ जाते.

एका व्यापाऱ्याचा प्रयोग

दुसऱ्याचे हत्यार बांधून बघणे हाही गुन्हा. म्हणून मी शेजारच्या किराणावाल्याकडून 500 ग्रॅमचे आणि 200 ग्रॅमचे अशी दोन वजने मागून आणली, मांजरपाटाच्या पट्टीत गुंडाळली आणि डाव्या पायाच्या घोट्याला आतल्या बाजूने बांधली. उजव्या हाताच्या माणसाने डाव्या पायाला, आतल्या बाजूने बांधायचे, अशी रीत आहे. म्हटले, एक दिवस असे काढून बघू. घरात हसू झाले. किराणावाला म्हणाला, "शेठ, आता पायाने माल तोलणार काय?"

पहिल्या तासातच चालण्याची ढब बदलली. ज्या पायाला ओझे तो पाय जरा फाकून पडू लागला. ओळखीच्या गिऱ्हाइकाने विचारले, "पाय मुरगळला का?" जे लपवायचे तेच चालीतून बोलू लागले. पाळत ठेवणारा चोर तर गिऱ्हाइकापेक्षा बारीक नजरेचा असतो.

दुसरी अडचण कपड्याची, आणि ती मला कापडवाल्याला आधीच कळायला हवी होती. आजच्या फॅशनची पँट तेरा-चौदा इंचांच्या मोहरीची असते. तिच्याखाली वजन मावले, पण फुगवटा दिसला आणि पँट वर ओढता येईना. मोहरी सतरा-अठरा इंच हवी आणि लांबीही थोडी जास्त, कारण खाली बसले की पँट चार बोटे वर चढते. पठाणी सलवारीचा घेर मोठा, पण खालची पट्टी घट्ट आणि कडक, हात आत जात नाही. चुडीदारचा प्रश्नच नाही. आणि आपल्यापैकी जे घोट्याच्या वर पायजमा ठेवतात, त्यांच्यासाठी हा विषय येथेच संपला.

तिसरी अडचण आपल्या चालीरीतींची. परदेशात माणूस सकाळी बूट घालतो तो रात्री काढतो. आपण दिवसातून किती वेळा काढतो? पेढीवर पांढरी चादर असते, बूट बाहेर. कोणाच्या घरी वसुलीला गेलो, बूट बाहेर. मांडी घालून बसलो की एक घोटा दुसऱ्या मांडीखाली जातो. मग नळीचे तोंड कधी स्वतःच्या मांडीकडे तर कधी समोरच्या गिऱ्हाइकाकडे. वुजू करताना मोजे उतरतात, पायजमा वर चढतो, आणि मशिदीच्या दारात चपला सोडतो तसे हत्यार सोडता येत नाही. दुपारपर्यंत मी ती पट्टी तीन वेळा सोडून पुन्हा बांधली होती. खरे हत्यार असते तर तीन वेळा ते चार लोकांना दिसले असते.

चौथी गोष्ट सर्वात मोठी. संध्याकाळी मी भाच्याला म्हटले, "मी टाळी वाजवतो, तू माझ्या खांद्यावरची पिशवी ओढ. बघू माझा हात वजनापर्यंत कधी पोहोचतो." घोट्यापर्यंत जायचे तर वाकावे लागते किंवा एक गुडघा टेकावा लागतो. एक हात मोहरी वर करायला, दुसरा हत्यार काढायला. तेवढ्या वेळात पाय जागचे हलत नाहीत आणि डोळे चोरावरून सुटतात. पाच वेळा करून बघितले. पाचही वेळा भाचा पिशवी घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरून गेला होता आणि मी वाकलेलाच होतो. स्कूटरवर तर हे अशक्यच.

मोटारीत बसलेल्या माणसाचा हात मात्र घोट्यापर्यंत सहज जातो, एवढा एक फायदा खरा. म्हणूनच परदेशातले पोलीस घोट्याला जे बांधतात ते बहुधा दुसरे, राखीव हत्यार असते. पहिले कमरेला असते. ज्याच्याजवळ एकच हत्यार आहे, त्याने ते शरीराच्या सर्वात दूरच्या टोकाला बांधणे म्हणजे गल्ल्याची किल्ली गच्चीवर ठेवणे.

कारागिरांसाठी दोन शब्द

घोट्याची जागा धूळ, चिखल आणि घामाची. आपल्या पनवेल पट्ट्यात चार महिने पाऊस आणि खाडीची खारी हवा. पायाशी बांधलेले लोखंड रोज पुसले नाही तर गंज धरते. कापडाच्या दुकानात तर हवेत रुवा उडत असतो. तो यंत्राच्या फटींत जाऊन तेलाला चिकटतो आणि त्याची लापशी होते. घोट्याचे हत्यार दर आठवड्याला रिकामे करून साफ करावे लागते.

पाकीट कशाचे असावे? नळीपासून मुठीपर्यंत हत्याराच्या आकारात दाबून बसवलेले जाड चामडे उत्तम. बाभळीच्या साली आणि हिरड्यावर कमावलेले चामडे, जसे कोल्हापुरी चपलेला वापरतात, आकार चांगला धरते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे ढिले पडते. त्यातले क्षार लोखंडालाही बरे नाहीत. कोणत्याही चामड्याच्या पाकिटात हत्यार रात्रभर ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. चापावर चामड्याचे पूर्ण आवरण, वरून टिच बटणाचा पट्टा, आणि भार घोट्यावर न पडता पोटरीवर विभागावा म्हणून वर आणखी एक पट्टा हवा. असे पाकीट शिवायला शस्त्राचा परवाना लागत नाही. लाकडाचा तंतोतंत नमुना करून त्यावर ते घडवता येते. गिऱ्हाइकाचे खरे हत्यार कारागिराने स्वतःकडे ठेवून घेऊ नये. धारावीतल्या आणि कोल्हापूरच्या हातांना हे काम अवघड नाही.

घरातला धोका

रस्त्यावरचा चोर वर्षांतून एकदा येईल किंवा येणारही नाही. हत्यार मात्र घरात रोज असते. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी गुडघ्याखाली लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे सांगण्यात आले. शस्त्रक्रियेने गोळी काढली आणि ते बरे झाले. हत्यार कायदेशीर होते, घर स्वतःचे होते, आणि जखमही स्वतःच्याच पायाला झाली. घोट्याला बांधणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. तेथे नळीचे तोंड चोवीस तास आपल्याच पावलाकडे असते.

घरी आल्यावर हत्यार रिकामे करून कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात. किल्ली एकाच माणसाकडे. निवडणुकीच्या काळात पोलीस हत्यार जमा करायला सांगू शकतात, तेव्हा पावती घेऊन जमा करावे. हरवले किंवा चोरीस गेले तर ताबडतोब पोलिसांना कळवावे. परवान्याचे नूतनीकरण चुकवू नये. मुदत संपली की तेच हत्यार विनापरवाना ठरते.

गोळी झाडली तर पुढे काय

1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्वसंरक्षणाचा अधिकार तीत 34 ते 44 या कलमांत आहे. जीव घेण्यापर्यंतचा अधिकार काही ठराविक प्रसंगीच मिळतो. उदाहरणार्थ मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी. पण अट अशी की रक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पिशवी ओढून चोर पाठ फिरवून पळाला, जिवाची भीती सरली, आणि मग आपण मागून गोळी झाडली, तर फिर्यादी आपण राहत नाही, आरोपी होतो. मग वकील, तारखा, जामीन आणि दुकानाला कुलूप. गर्दीच्या रस्त्यावर चुकलेली गोळी कोणाच्या मुलाला लागेल, हे तर गोळीलाही ठाऊक नसते.

हे सगळे ऐकून झाल्यावर मी भाच्याला एकच विचारले, "त्या रात्री तुझ्या पायाला रिव्हॉल्वर असते आणि हात पोहोचला असता, तर तू झाडली असतीस?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, मागे बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मी तोंड पाहिले. सतरा-अठरा वर्षांचा असेल. आपल्या दुकानात कापड फाडायला येतो त्या पोरासारखा."

त्यानंतर रिव्हॉल्वरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आम्ही काय केले

बंधूंनो, चोर माणसाच्या मागे येत नाही, रोकडीच्या मागे येतो. म्हणून आम्ही रोकड कमी केली. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यास तशीही बंदी आहे. लहान हप्तेसुद्धा आता गिऱ्हाईक मोबाइलवरून बँकेत टाकतात. ज्यांना ते जमत नाही त्यांची वसुली दुपारी, बँक उघडी असताना होते आणि पैसे तेथल्या तेथे खात्यात जातात. वाट आणि वेळ दर आठवड्याला बदलते. वसुलीचा दिवस कोणता, हे दुकानात मोठ्याने बोलले जात नाही. मोठी रक्कम असेल तर दोघे जातात. पिशवी खांद्यावर नसते, स्कूटरच्या डिकीत असते. 2023 च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि बेलपाड्यालाच स्थानक झाले. आता जमेल तेव्हा भाचा रात्रीचा रस्ता टाळून मेट्रोने येतो. दुकानाच्या विम्यात वाटेतल्या रोकडीचाही विमा घेतला. त्याचा हप्ता एका चांगल्या ताग्याच्या किमतीहून फार नाही. अटी मात्र सही करण्याआधी वाचाव्यात.

याचा अर्थ कोणी परवाना काढूच नये असा नाही. सोन्याचा व्यवहार करणारे, आडरानात गोदाम असलेले, ज्यांना खरोखर धमक्या आल्या आहेत, त्यांची गरज निराळी असू शकते. त्यांनी सरळ मार्गाने अर्ज करावा, प्रशिक्षण घ्यावे, सराव करावा, आणि हत्यार घोट्याऐवजी कमरेला, सदऱ्याखाली, हाताच्या टप्प्यात बाळगावे. आणि घेण्याआधी किराणावाल्याकडून 700 ग्रॅमची वजने आणून एक दिवस बांधून बघावीत. फुकटात पुष्कळ शहाणपण मिळते.

माझी वजने मी दुसऱ्या दिवशी परत केली. किराणावाल्याने ती ताजव्यात टाकून बघितली आणि हसून म्हणाला, "शेठ, वजन तेवढेच आहे." मी म्हणालो, "तुझ्या ताजव्यात तेवढेच असेल. माझ्या पायाला काल फार जड झाले होते."